तीन काट्यांवरचं विमान

सुकाणू सरळ धरलं की विमान डावीकडे कलायचं.

फार नाही. नवख्याला कळलंही नसतं. पण तोवर माझे एकशे अडतीस तास उडून झाले होते, आणि एवढ्या तासांनंतर हाताला काही गोष्टी आपोआप कळायला लागतात. खात्री करायला मी क्षणभर सुकाणू सोडून बघितलं. डावा पंख हळूच खाली जायला लागला. मी घाईनं सुकाणू धरलं, उजवीकडे जरा दाबून ठेवलं आणि खालच्या उसाच्या फडांकडे बघत बसले.

शेजारच्या सीटवर कॅप्टन बेहेरे होते, आमच्या फ्लाइंग क्लबचे प्रशिक्षक. त्यांनी विचारलं, "कसं वाटतंय, वैजयंता?"

"छान आहे सर. हाताला हलकं आहे."

खोटं बोलायला मला एरवी वेळ लागतो. त्या दिवशी लागला नाही.

थोड्या वेळानं सरांनी सुकाणू आपल्याकडे घेतलं. परतीची वीस मिनिटं त्यांनीच चालवलं आणि उतरवलंही त्यांनीच. मी चोरून त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. ते नेहमीसारखं तोंडातल्या तोंडात काहीतरी गुणगुणत होते. इंजिन बंद झाल्यावर त्यांनी पट्टा सोडला, कपाळ पुसलं आणि म्हणाले, "बरं आहे विमान." यांच्या लक्षात आलेलं नाही, असं मी ठरवून टाकलं आणि माझा जीव भांड्यात पडला. बावीस वर्षांची होते मी तेव्हा, आणि इतकी हावरी आयुष्यात कधीच नव्हते.

हाव कशाची, ते सांगायला हवं. क्लबचं एकुलतं एक विमान म्हातारं होऊन कायमचं जमिनीवर बसलं होतं. दुसरं आणलं नाही तर क्लबला कुलूप लागणार हे सगळ्यांना दिसत होतं. नवं घेण्याचा प्रश्नच नव्हता. जुन्यांपैकी दोन आमच्या आवाक्यात होती. एक हे दोन सीटचं, नुकता पांढरा रंग दिलेलं, निळ्या पट्ट्याचं, पेट्रोल बेतानं पिणारं. दुसरं एका सिमेंट कारखान्यानं विकायला काढलेलं चार सीटचं धूड, मळक्या पिवळ्या रंगाचं. त्याला आम्ही न बघताच म्हैस म्हणायला लागलो होतो. किमतीत फरक होताच, पण आम्हा शिकणाऱ्यांना खरा फरक पडणार होता तो तासाच्या दरात.

व्यावसायिक लायसन्सला दोनशे तास लागत. माझे बासष्ट उरले होते. सरकारी शिष्यवृत्तीची रक्कम ठरलेली होती, ती वाढत नव्हती. पांढऱ्या विमानाच्या दरानं त्यात बरोबर बासष्ट तास बसत होते आणि वर चहाला चार पैसे राहत होते. म्हशीच्या दरानं एक्केचाळीस. उरलेले एकवीस कुठून आणायचे? माझे वडील, आबा, सांगलीच्या हळदीच्या पेठेत मापाडी होते. व्यापाऱ्याचा आणि शेतकऱ्याचा माल काट्यावर घालायचा आणि वजन पुकारायचं, हा त्यांचा धंदा. पोत्यामागे जे मिळायचं त्यात घर चालायचं, विमान चालत नव्हतं.

तेव्हा विमान थोडं डावीकडे ओढतं, एवढंच ना? मी उजवीकडे दाबून धरीन. बासष्ट तासांचा तर प्रश्न आहे. माझं त्या वेळचं गणित एवढंच होतं.

विमानाचे मालक लोकापूर नावाचे एक कारखानदार होते. स्वतःच ते उडवत घेऊन आले होते. माणूस साधा होता. बायकोला विमानात बसायला आवडत नाही म्हणून विकतोय, असं त्यांनी मोकळेपणानं सांगितलं. दुसरं एक गिऱ्हाईक आठवडाभरात येणार होतं, म्हणून त्यांना हो की नाही ते लवकर हवं होतं. कॅप्टन बेहेऱ्यांनी आपला होकार दिला. शिकणाऱ्या पोरांच्या वतीनं मी होकार दिला. क्लबचे मेकॅनिक मुजावरचाचा तेवढे अडून बसले. रंग नवा आहे, जुन्या रंगावर चढवलेला दिसतोय, म्हणजे कागदावरचं वजन आता खरं नसणार, वजन करून घ्या, असं त्यांचं म्हणणं. विमान तोलायचे काटे मुंबईहून मागवावे लागत आणि त्याला महिना लागला असता. मी मनातल्या मनात म्हटलं, बरं झालं.

पण क्लबचे सेक्रेटरी अण्णा शेडबाळे होते, आणि अण्णांचा हळदीचा अडतीचा धंदा तीन पिढ्यांचा होता.

"काटे मुंबईस्नं कशाला?" अण्णा म्हणाले. "विमानाला चाकं किती? तीन. माझ्याकडं काटे किती? अकरा. मी जन्मात तोलल्याबिगर कुठला माल घेतलेला नाही. हे उडतंय म्हणून काय त्याला सोडू?"

लोकापूर हसले आणि म्हणाले, तोला की. मुजावरचाचांनी डोकं खाजवलं आणि म्हणाले, तत्त्व तेच आहे, तीन चाकांखाली तीन काटे, बेरीज केली की झालं. कॅप्टन बेहेरे काही बोलले नाहीत. मीही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णांचा टेम्पो धावपट्टीवर आला. त्यात तीन वजनकाटे होते, हळदीच्या धुळीनं पिवळेजर्द झालेले, सोबत चार हमाल आणि फळ्या. पुढे ड्रायव्हरशेजारी आबा बसले होते. कानावर पेन्सिल, डोक्याला टोपी, अंगात धुतलेला सदरा. दोन वर्षं मी तिथं शिकत होते, पण आबा क्लबवर पहिल्यांदाच येत होते. आपल्यासारख्यानं तिथं काय करायचं, असं म्हणून ते टाळत आले होते. आज कामासाठी आले होते, म्हणून ताठ होते.

हँगरची दारं लावून घेतली, वारा लागू नये म्हणून. हमालांनी फळ्यांवरून विमान ढकलत एकेक चाक काट्यावर चढवलं. कॅप्टन बेहेरे नाकाशी उभे राहून सूचना देत होते आणि हमाल त्यांच्याकडे ढुंकूनही बघत नव्हते, ते फक्त आबांच्या हाताकडे बघत होते. पेठेत दिवसाला शेकडो पोती आबांच्या काट्यावरून जातात. पेठेची रीत अशी की मापाड्यानं आकडा मोठ्यानं पुकारायचा, चारचौघांत, घेणारा आणि देणारा दोघांच्या कानावर पडेल असा. एकदा पुकारलेला आकडा मग मागे येत नाही. आबांनी तीन काटे बघितले आणि हँगरमध्ये त्यांचा तो लांबवलेला सूर घुमला. पुढचं चाक इतकं. उजवं एकशे अठ्ठ्याऐंशी. डावं दोनशे सात.

मुजावरचाचा वहीत लिहीत होते. त्यांची पेन्सिल थांबली.

एकूण वजन जास्त भरलं, ते रंगाचं म्हणता आलं असतं. पण डावी बाजू उजवीपेक्षा एकोणीस किलोनं जड कशी? लोकापूर म्हणाले, डाव्या टाकीत पेट्रोल जास्त असेल. ते पटण्यासारखं होतं. माझ्या छातीवरचा दगड जरा हलला. दोन्ही टाक्या रिकाम्या करायला तासभर गेला. पुन्हा फळ्या, पुन्हा हमाल, पुन्हा तो सूर. आकडे उतरले, दोन्हीकडचे. फरक सतराचा राहिला.

आता सगळे आपापल्या परीनं कारणं शोधायला लागले. अण्णा म्हणाले, जमीन तिरकी असेल. एक हमाल म्हणाला, आत उंदरानं घर केलं असेल. कॅप्टन बेहेरे पंखाकडे पाठ करून उभे होते. मी आबांच्या जवळ गेले आणि हळूच म्हटलं, "आबा, काटा चुकत असंल."

तीस वर्षांत पेठेतला एकही व्यापारी आबांना हे म्हणाला नव्हता. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी हे का म्हणतेय ते त्यांना कळलं असावं. कुठल्या विमानाला किती दर, हे घरी जेवताना मी दहा वेळा बोलून दाखवलं होतं. ते रागावले नाहीत, याचंच मला जास्त लागलं.

"असंल," ते म्हणाले. "बदलून बगू."

त्यांनी डावीकडचा काटा उजवीकडे नेला, उजवीकडचा डावीकडे. काटा चुकत असेल तर फरक बाजू बदलेल, हे मला न सांगताही समजत होतं. हमालांनी तिसऱ्यांदा विमान चढवलं. आबा डाव्या काट्यापाशी उकिडवे बसले. त्यांनी वजन सरकवलं, दांडी स्थिर व्हायची वाट बघितली, डोळे बारीक केले, पुन्हा बघितलं. इतका वेळ लावताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. पेठेत ते दांडीकडे एक नजर टाकतात आणि पुकारतात.

मग त्यांनी आकडा पुकारला. सूर तोच होता, पण आवाज खाली आला होता. फरक सतराचाच होता आणि डावीकडेच होता.

मुजावरचाचा बॅटरी आणि स्क्रू-ड्रायव्हर घेऊन डाव्या पंखाखाली आडवे झाले. पंखाच्या आत एक लांब तुळई असते, घराच्या आढ्यासारखी. सगळा भार तिच्यावर. ती बघण्यासाठी खाली झाकणं असतात. पहिलं झाकण उघडलं, काही नाही. दुसरं, काही नाही. तिसऱ्या झाकणाचे स्क्रू रंगानं बुजवलेले होते, ते खरवडून काढावे लागले. चाचांनी आत बॅटरी धरली, बराच वेळ बघितलं, मग हात घालून चाचपलं.

"ह्यो पंख कधीतरी आपटलाय," आतूनच ते म्हणाले. "तुळई मोडली हुती. वरनं जाड पत्रा ठोकलाय, दोन हात लांब. आनि पत्र्याच्या कडंला चीर हाय. बोटाएवढी."

अण्णांनी विचारलं, "किती दिवस टिकलं असतं?"

"कसं सांगायचं अण्णा? दोन वर्षं टिकलं असतं. न्हाईतर दोन तास."

लोकापूर मटकन काट्याच्या फळीवर बसले. गेल्या दिवाळीत त्यांनी दोन्ही मुलांना यातून एकेक करून कोल्हापूरला नेलं होतं, ते तेवढंच पुन्हा पुन्हा सांगत राहिले. त्यांनीही ते कुणाकडून तरी जुनंच घेतलं होतं. आधीच्या मालकानं लपवलं की त्याच्याही आधीच्यानं, ते शेवटपर्यंत कळलं नाही. संध्याकाळी ते एस.टी.नं घरी गेले. जाताना त्यांनी आबांचे दोन्ही हात धरले होते, आणि आबांना त्या हातांचं काय करावं ते समजत नव्हतं.

पण ते संध्याकाळी. त्याआधी मी हँगरच्या मागे गेले होते. तिथं पाण्याची टाकी होती, तिच्या कठड्यावर बसले. काल मी त्या पंखाच्या जिवावर हवेत फिरत होते. सोडून बघितलं होतं आणि परत धरलं होतं. बासष्ट तास मी तसंच धरून ठेवणार होते, त्यातले कितीतरी एकटीनं. माझ्या मागून क्लबची बाकीची सात पोरं. आणि हे सगळं मला कालच ठाऊक होतं. चीर ठाऊक नव्हती, पण काहीतरी आहे हे ठाऊक होतं. मला रडू आलं. त्यात भीती होती, लाज होती, पण खरं सांगायचं तर सगळ्यात जास्त सुटल्याचं होतं. आता ते विमान मला कधीच उडवायचं नव्हतं.

कॅप्टन बेहेरे आले आणि कठड्यावर माझ्यापासून दोन हात अंतर सोडून बसले. सहा फुटी दणकट माणूस, एरवी धावपट्टीच्या त्या टोकाला ऐकू जाईल असा आवाज. बराच वेळ ते बुटानं माती उकरत राहिले. मला वाटलं, समजूत घालायला आले असतील. त्याआधीच बोलून टाकावं म्हणून मी तोंड उघडलं.

"सर, काल मला कळलं होतं. डावीकडे ओढत होतं. मी तुम्हाला खोटं सांगितलं."

त्यांनी बूट थांबवला. मग म्हणाले, "मलाही कळलं होतं."

मला वाटलं माझी परीक्षा बघत होते. तसं मी विचारलंसुद्धा.

"परीक्षा कसली," ते म्हणाले. "मला ते विमान हवं होतं. क्लब बंद झाला तर अठ्ठावन्नाव्या वर्षी मला कोण ठेवून घेणार? आणि म्हैस काही क्लबच्या कमिटीला परवडणार नाही असं वाटत होतं. तू 'हाताला हलकं आहे' म्हणालीस तेव्हा मी म्हटलं, चला, हिला जाणवलं नाही, म्हणजे तेवढं काही नसेल. उगाच आपल्याच हाताला वाटतंय."

"मीपण तेच म्हटलं सर. तुम्ही गुणगुणत होतात."

"मी घाबरलो की गुणगुणतो," कॅप्टन बेहेरे म्हणाले.

आम्ही दोघं एका हाताच्या अंतरावर बसून, एकच विमान एकाच बाजूला ओढतंय हे जाणून, एकमेकांच्या खोटेपणावर विसंबून होतो. हे ध्यानात आलं तेव्हा आधी अंगावर काटा आला आणि मग हसू यायला लागलं. सरांनाही. डोळ्यांत पाणी असताना इतकं हसलेलं मला आठवत नाही. हसणं ओसरल्यावर ते गंभीर होऊन म्हणाले की काट्यावर दोन्ही बाजू सारख्या भरल्या असत्या तर आपण गप्पच राहिलो असतो, आणि ही गोष्ट ते मरेपर्यंत विसरणार नाहीत. मी म्हटलं, मीही नाही.

त्या दिवशी आबांबरोबर मी टेम्पोनं घरी आले. त्यांना वाटेतच सगळं सांगून टाकलं. त्यांनी ऐकून घेतलं. माझी नजर चुकवून बाहेर बघत ते म्हणाले, "तिसऱ्या बारीला मी काट्याला हात जोडत हुतो, मनात. चुकलेला निघ म्हनून. जन्मात पयल्यांदा." पुढे घरापर्यंत माझ्या पाठीवर त्यांचा हात होता.

नऊ दिवसांनी म्हैस आली. सिमेंट कारखान्याचा पायलट तिला दाखवायला घेऊन आला. ती आली तेव्हाच हँगरमध्ये तीन पिवळे काटे मांडून ठेवलेले होते. आबांनी आकडे पुकारले, आणि कागदावरच्या वजनात नि काट्यावरच्या वजनात दोन किलोचाही फरक निघाला नाही. डावं उजवं सारखं. मुजावरचाचांनी झाडून सगळी झाकणं उघडून बघितली. मग सर आणि मी उडालो.

उडण्याआधी कॅप्टन बेहेऱ्यांनी खिशातून दोन कोरे कागद काढले आणि एक माझ्या हातात दिला. यापुढे नव्या विमानातून उतरल्यावर कुणी कुणाशी बोलायचं नाही, म्हणाले. आधी दोघांनी वेगवेगळं लिहायचं, कागद सेक्रेटरींच्या हातात द्यायचे, मग तोंड उघडायचं. मी हो म्हटलं. मला आवडलं ते.

म्हैस जड होती, वळायला आळशी होती, पण सुकाणू सोडलं तेव्हा ती जिथं होती तिथंच राहिली. मी दहापर्यंत मोजलं, वीसपर्यंत मोजलं. दोन्ही पंख एका रेषेत. मला इतकं हायसं वाटलं की उरलेल्या वेळात मी फक्त सरळ उडत राहिले. सरांनीही वळ म्हणून सांगितलं नाही. ते गुणगुणतही नव्हते.

उतरल्यावर मी पंखाच्या सावलीत बसून लिहायला लागले. उजवा ब्रेक ढिला. रेडिओत खरखर. विमान सरळ उडतं, चांगलं आहे. इथं थांबता आलं असतं. पण कागद कोरा होता आणि कुणी बघत नव्हतं, आणि याच कागदावर सगळं खरं लिहायचं नसेल तर तो घ्यायचाच कशाला, असं मला वाटलं. मी खाली आणखी एक ओळ लिहिली. पलीकडे दुसऱ्या चाकाला टेकून सरही लिहीत होते, आणि तेही शेवटी अडले होते.

दोन्ही कागद अण्णांच्या हातात गेले. अण्णांनी चष्मा लावला आणि पेठेत सौदापट्टी वाचतात तसे दोन्ही शेजारी शेजारी धरून मोठ्यानं वाचले. ब्रेक. रेडिओ. सरळ उडतं. मग ते थबकले, एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा सरांकडे.

माझ्या कागदावर शेवटी होतं, 'माझी शिष्यवृत्ती याला पुरणार नाही. तरी हेच घ्यावं.' सरांच्या कागदावर होतं, 'वैजयंता खोतचे तास पुरणार नाहीत. तरी हेच घ्या.'

"दोन्हीवर एकच लिवलंय की," अण्णा म्हणाले. "एक कागद वाया गेला."

"अण्णा," कॅप्टन बेहेरे म्हणाले, "त्यासाठीच तर दोन होते. आता तिसऱ्या ओळीखालचं, हिच्या तासांचं, काय करायचं, ते तिघं बसून बोलू या."

आणि आम्ही म्हशीच्या पंखाखाली, जमिनीवरच, बोलायला बसलो.